चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याला घर नाहीं, दार नाहीं, जो आज येथें तर उद्यां तेथें, अशा मनुष्यास उद्देशून ती थोड्याशा कुत्सित बुद्धीनेंच वापरतात. आमच्याच कुळांतील एखादा शहाणासुरता मनुष्य ही म्हण आपण होऊन स्वतःस लावून घेईल, असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें. पण गेल्या वर्षीं गुढीपाडव्याच्या दिवशीं तसें घडलें खरें.

आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंचे चिरंजीव अमेरिकेंत ओहायो राज्यांत असतात. वय अठ्ठेचाळीस. बावीस वर्षें त्यांनीं तेथें संगणकाच्या धंद्यांत काढलीं. सूनबाई त्यांच्याहून दोन वर्षांनीं लहान. त्या एका महाविद्यालयाच्या हिशेबखात्यांत होत्या. एकुलती एक कन्या उच्च शिक्षणासाठीं परगांवीं जाण्याच्या बेतांत होती. पाडव्याच्या सकाळीं आम्ही सर्वजण पानावर बसणार, तोंच मोबाईलच्या पडद्यावर या दोघांच्या मुद्रा उमटल्या. नमस्कार-आशीर्वाद झाले आणि चिरंजीवांनीं शांतपणें सांगितलें कीं, "आम्ही दोघेंही नोकरी सोडणार, घर विकणार, आणि मोटारीवर बांधलेल्या घरांत राहून देशभर हिंडणार. वर्ष-सहा महिने नव्हे, तर कायमचें!"

वाईच्या आमच्या घरांत चौदा माणसें आहेत. त्या दिवशीं त्या चौदांचीं पंधरा मतें झालीं. कोणी म्हणालें, भरल्या ताटावरून उठण्याचा हा प्रकार आहे. कोणी म्हणालें, नोकरी गेली असावी आणि लाजेस्तव हें सोंग. मुलांना मात्र ती सर्व मौज वाटली. आमच्या वहिनी, म्हणजे चिरंजीवांच्या मातोश्री, आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. शेवटीं त्यांनीं एकच प्रश्न केला: "मग दिवाळीचा डबा मीं कोणत्या पत्त्यावर पाठवावयाचा रे?"

या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं कोणापाशींच नव्हतें. वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वडील आहांत. काय तें तुम्हीच बघा."

आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. जें नीट पाहिलें नाहीं, त्याविषयीं मत देऊं नये, असें मुलांस सांगत आलों. तेव्हां मत देण्यापूर्वीं हें फिरतें घर म्हणजे काय प्रकरण आहे, तें समजून घ्यावें असें ठरविलें. चिरंजीवांनीं पाठविलेलें वाङ्मय नातवानें वाचून दाखविलें, कांहीं आम्हीं कोश घेऊन वाचलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवण्याचें कारण असें कीं, परदेशीं मुलें असलेल्या अनेक कुटुंबांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहील.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. १८८५ सालीं इंग्लंडमध्यें डॉ. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या गृहस्थानें ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्यांतून दोन घोड्यांचें एक फिरतें घर करवून घेतलें आणि त्याचें नांव 'वाँडरर', म्हणजे भटक्या, असें ठेविलें. हे डॉक्टर आरमारांत होते. प्रकृतीच्या कारणानें ती चाकरी सुटली आणि पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहून ते निर्वाह करीत. त्याच वर्षीं ते या घरांतून थेट उत्तरेस स्कॉटलंडांत इन्व्हर्नेसपर्यंत गेले. अमेरिकेंत मोटारी स्वस्त झाल्यावर तंबू आणि डबाबंद अन्न घेऊन लोक हिंडूं लागले. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा गांवीं अशा लोकांनीं आपला एक संघ काढला व त्याचें नांवही 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी, असें ठेविलें. खूण म्हणून मोटारीच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा लावीत! पुढें या हौसेचा मोठा धंदा झाला. आयोवा राज्यांतील विनेबेगो कारखान्यानें १९६६ पासून मोटारीवरचीं घरें भराभर बनविण्यास आरंभ केला. आज त्या देशांतील बहुतेक फिरतीं घरें इंडियाना राज्यांत एल्कहार्ट गांवाच्या आसपास तयार होतात. त्यांस तिकडे 'आर. व्ही.' या आद्याक्षरांनीं ओळखतात.

या घरांचे मुख्य प्रकार दोन. एकांत घर आणि इंजिन एकाच सांगाड्यावर असतात. दुसऱ्यांत घर वेगळें असून तें मोटारीमागें जोडून ओढावयाचें असतें. लांबी वीस फुटांपासून चाळीस फुटांपर्यंत, रुंदी फार तर साडेआठ फूट. म्हणजे चाळीस फुटी घरही साडेतीनशें चौरस फुटांच्या आंतच. तेवढ्यांत गॅसची शेगडी, शीतकपाट, बिछाना, न्हाणी, शौचकूप, सर्व कांहीं. मुक्कामाला थांबल्यावर कांहीं घरांची एखादी भिंत कळ दाबतांच बाहेर सरकते व खोली तीन फूट रुंद होते, हें चित्र पाहून आमच्या घरांतील स्त्रियांनीं मनापासून सुस्कारा सोडला.

आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटली ती पाण्याची व्यवस्था. घराच्या पोटांत तीन टाक्या असतात: एक शुद्ध पाण्याची, दुसरी न्हाणी व भांडीं यांच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. शुद्ध पाण्याची टाकी दीडशें लिटरांपासून चारशें लिटरांपर्यंत असते. ती संपली म्हणजे संपली. नळ सोडून दांत घासणाऱ्या मनुष्यास हें घर चार दिवसांत शहाणें करतें. टाक्या रिकाम्या करण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तेथें आधीं मैल्याची टाकी सोडावयाची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी मागल्या पाण्यानें धुऊन निघते. पिण्याचें पाणी भरण्याची नळी निराळी, आणि ती या नळीजवळ ठेवावयाची देखील नाहीं. हें ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे सोंवळें-ओंवळें तिकडेही आहे म्हणावयाचें!"

विजेचेंही असेंच. ठरलेल्या तळावर पैसे भरून मुक्काम केला तर जाड तारेनें वीज जोडून घेतां येते. रानांत राहिलें तर छपरावरच्या सूर्यशक्तीच्या पट्ट्या व खालच्या बॅटऱ्या यांवर भागवावें लागतें. पश्चिमेकडील राज्यांत सरकारी मोकळी जमीन अफाट आहे. तीवर साधारणतः एका जागीं चौदा दिवस फुकट राहतां येतें. पंधराव्या दिवशीं हाललें पाहिजे. पावसाळ्याखेरीज एका जागीं रेंगाळूं नये, असा आपल्याकडील परिव्राजकांचा नियम आहे, त्याची आम्हांस आठवण झाली. हिंवाळ्यांत उत्तरेकडे बर्फ पडूं लागलें कीं हीं घरें ॲरिझोना राज्यांतील क्वार्टझ्साइट या वाळवंटी गांवाभोंवतीं हजारोंनीं जमतात.

येथवर सर्व सोयीचें झालें. पण घर म्हणजे सोय नव्हे. वहिनींचा प्रश्न पत्त्याचा होता. पत्ता म्हणजे, आपलें माणूस अमुक ठिकाणीं सांपडेल हा भरंवसा. तो या लोकांपाशीं असतो काय? या शोधांत आम्हांस जो आणि के पीटरसन या दांपत्याची हकीकत मिळाली.

जो पीटरसन हे इमारतींच्या कामांवर विजेचें काम करणारे कारागीर, आणि केबाई रुग्णपरिचारिका. १९७० सालीं, मध्यम वयांत, त्यांनीं स्थिर घर सोडलें आणि ओढून न्यावयाच्या घरांतून हिंडूं लागलीं. श्रीमंती होती म्हणून नव्हे. जेथें काम मिळे तेथें जाऊन हातच्या विद्येवर दोघें पोट भरीत. केबाई या जीवनक्रमाविषयीं मासिकांत लिहूं लागल्या, आणि १९७७ सालीं त्यांचें पुस्तकही निघालें. त्याच्या नांवाचा आशय असा कीं, जेथें मुक्काम कराल तेंच घर. वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं. आपल्यासारखे पुष्कळ आहेत, पण जो तो एकटा आहे, हें या दोघांच्या लक्षांत आलें. १९७८ सालीं त्यांनीं 'एस्केपीज', म्हणजे निसटलेले, या नांवाचा संघ स्थापन केला.

या निसटलेल्या मंडळींनीं पुढें काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. टेक्सास राज्यांत ह्यूस्टनच्या उत्तरेस लिव्हिंग्स्टन नांवाचें गांव आहे. तेथें संघाचें मुख्य ठाणें झालें. हजारों सभासदांची टपाल तेथें येते, आणि ज्याचा मुक्काम जेथें असेल तेथें ती रवाना होते. अनेकांचा कायदेशीर पत्ताही तोच. वाहनाची नोंद, परवाना, सर्व त्यावर. सभासदांनीं निरनिराळ्या राज्यांत सहकारी तत्त्वावर जमिनी घेतल्या आणि आपल्या माणसांसाठीं मुक्कामाच्या जागा करून ठेविल्या. एकमेकांस भेटतांच हे लोक हस्तांदोलन न करितां आलिंगन देतात, अशी त्यांची चाल आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. भटकणारीं माणसें म्हातारीं झालीं. कोणाचा जोडीदार गेला, कोणाची दृष्टि गेली, कोणास पक्षाघात झाला. चाकें थांबलीं, पण ज्या घरांत वीस वर्षें काढलीं तें सोडून वृद्धाश्रमांत जाण्याची इच्छा होईना. तेव्हां लिव्हिंग्स्टनलाच 'केअर' नांवाची संस्था निघाली. तेथें म्हातारीं माणसें आपापल्या फिरत्या घरांतच राहतात. फक्त घर आतां फिरत नाहीं. तीन वेळचें जेवण, कपडे धुणें, दवाखान्यांत नेणें, दिवसा देखरेख, हें तेथील कर्मचारी आणि इतर सभासद मिळून करितात.

हें वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलों. घर, शेजार, नातीं यांतून निसटण्यासाठीं जे निघाले, त्यांना अवघ्या कांहीं वर्षांत घर, शेजार आणि नातीं पुन्हां आपल्या हातांनीं उभारावीं लागलीं! आपल्या वारींत लाखों माणसें चालतात, पण सुटा वारकरी फार थोडा. बहुतेकांची दिंडी ठरलेली, दिंडीचा क्रमांक ठरलेला, पुढच्या मुक्कामाला तंबू व शिधा घेऊन गेलेली मालमोटार ठरलेली. चालणारा निश्चिंत असतो तो या व्यवस्थेच्या बळावर. पीटरसन दांपत्यानें केलें तें इतकेंच कीं, सुट्या प्रवाशांची त्यांनीं दिंडी केली.

मात्र या चित्राची दुसरी बाजू लपविणें योग्य होणार नाहीं. २००८ सालच्या आर्थिक कोसळीनंतर अमेरिकेंत कित्येकांचीं घरें गेलीं, पुंजी बुडाली, आणि साठी उलटलेलीं माणसें हौसेनें नव्हे तर निरुपायानें गाडींत राहूं लागलीं. जेसिका ब्रूडर या लेखिकेनें त्यांच्यांत राहून २०१७ सालीं 'नोमॅडलँड' हें पुस्तक लिहिलें. त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. हे लोक शरद् ऋतूंत उत्तरेकडे बीटाच्या सुगीला जातात व बारा बारा तासांच्या पाळ्या करितात. उन्हाळ्यांत प्रवासी तळांवर झाडलोट करितात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. एकींत बसलेला मनुष्य निवडून आलेला असतो, दुसरींतला ढकलला गेलेला असतो.

शिवाय पैशाचा हिशेब आहेच. जमिनीवरच्या घराची किंमत बहुधा वाढते; चाकांवरचें घर विकत घेतल्या दिवसापासून उतरूं लागतें. मोठें घर लिटरला तीन-चार किलोमीटरच चालतें. तेथें आजारपणाचा विमा बहुतेकांस नोकरीबरोबर मिळतो. नोकरी सुटली कीं तो सुटतो, आणि सरकारी योजना पासष्टाव्या वर्षीं लागू होते. मधलीं वर्षें विमा स्वतःच्या पैशानें घ्यावा लागतो, आणि तोही पुष्कळदां एकाच राज्यांतील दवाखान्यांपुरता. शेवटची अडचण चिरंजीवांनींच सांगितली. आदल्या वर्षीं त्यांनीं असें एक घर तीन आठवडे भाड्यानें घेऊन पाहिलें होतें. पावसांत छप्पर गळूं लागलें. दुरुस्तीवाल्यानें दोन दिवस सांगून नऊ दिवस लाविले. गाडी कारखान्यांत गेली म्हणजे स्वयंपाकघर, बिछाना, कपडे, सर्वच कारखान्यांत! दोघें धर्मशाळेंत राहिल्यासारखीं नऊ दिवस खाणावळींत राहिलीं.

इतकें समजल्यावर आम्हीं आपल्याकडील शास्त्राकडे वळून पाहिलें. केस पांढरे झाले, नातवंडाचें तोंड पाहिलें, म्हणजे गृहस्थानें घर सोडून वनांत जावें, असें मनूनें सांगितलें आहे. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें. म्हणजे घर सोडणें हें आपल्या परंपरेस अपरिचित नाहीं. पण आधीं ऋणें फेडावयाचीं आणि मग निघावयाचें, हाही त्याच परंपरेचा आग्रह आहे. तेव्हां आम्हीं चिरंजीवांस चार प्रश्न विचारावयाचे ठरविले. मुलीच्या शिक्षणाचें काय? आजारपणाचें काय? चाकें थांबतील त्या दिवशीं राहणार कोठें? आणि आईचें काय?

त्यापूर्वीं सूनबाईंस एकट्या गांठून आम्हीं एक वेगळा प्रश्न केला. आपल्या घरांतून आजवर निघालेल्या पुष्कळ यात्रा पुरुषांच्या मनांत आल्या व स्त्रियांच्या पायांनीं चालल्या, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हीं विचारलें, "सूनबाई, हें तुझ्या मनांतलें आहे, कीं तूं त्याच्या मागून चालली आहेस?"

ती हंसली. म्हणाली, "काका, हें माझ्याच मनांत आधीं आलें. त्याला राजी करावयास मला दोन वर्षें लागलीं."

चिरंजीवांनीं पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मांडूनच ठेविलीं होतीं. कन्येच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढलेले. विमा स्वतः विकत घेतलेला. घराच्या किंमतींतील निम्मी रक्कम पुढें लहानसें स्थिर घर घेण्यासाठीं बाजूस ठेवलेली. निर्वाहासाठीं त्यांनीं फिरत्या घरांवर सूर्यशक्तीच्या पट्ट्या व बॅटऱ्या बसविण्याचें काम शिकून घेतलें होतें. सूनबाई छोट्या दुकानदारांचे हिशेब इंटरनेटवरून कोठूनही लिहूं शकत होत्या. चौथ्या प्रश्नावर मात्र ते गप्प झाले. "काका, मला आठ दिवस द्या," एवढेंच म्हणाले.

त्या आठ दिवसांत आम्हांस आमचाच हिशेब आठवला. आम्हीं सौभाग्यवतींस वचन दिलें होतें कीं, निवृत्त झालों कीं दोघें कन्याकुमारीपासून बदरीनारायणापर्यंत हिंडूं. त्यासाठीं एक मजबूत बॅगही घेतली होती. निवृत्तीच्या पहिल्या वर्षीं मुलाचें लग्न निघालें, दुसऱ्या वर्षीं घराचें छप्पर, तिसऱ्या वर्षीं सौभाग्यवतींचे गुडघे. ती बॅग आज माळ्यावर आहे. तींत गणपतीच्या मखराचें सामान ठेवतात. एकही निमित्त खोटें नव्हतें. पण खऱ्या निमित्तांनींच दहा वर्षें गेलीं, हेंही तितकेंच खरें.

आठव्या दिवशीं चिरंजीवांचा फोन आला, तो आमच्याकडे नव्हे, आईकडे. दरसाल मार्गशीर्षापासून तीन महिने गाडी कोरड्या जागेंत बंद करून ठेवूं व दोघें वाईस येऊन राहूं, असें त्यांनीं सांगितलें. आजवर रजा मिळत नव्हती. आतां रजा कोणाकडे मागावयाची नाहीं.

वहिनींनीं फोन ठेविला आणि आपली जुनी वही काढून बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, बावीस वर्षांत तो अकरा वेळां आला. दर खेपेस तीन आठवडे. सगळे मिळून आठ महिनेही भरत नाहींत. घर होतें, नोकरी होती, पत्ता होता. पण मुलगा कोठें होता?"

यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

गेल्या भाद्रपदांत तीं दोघें निघालीं. त्यांनीं लिव्हिंग्स्टनचा पत्ता घेतला आहे. दिवाळीचा डबा त्या पत्त्यावर गेला आणि तेथून न्यू मेक्सिको राज्यांतील एका मुक्कामीं पोंचला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण तो चमच्यानें खाल्ल्याचें कळलें. मार्गशीर्षांत दोघें आलीं आणि अकरा आठवडे राहिलीं. तीन महिन्यांस थोडें कमी पडलें, हें वहिनींनीं वहींत लिहून ठेविलें आहे. पहिलें वर्ष पार पडलें, पुढचें पुढें.

हा लेख वाचून कोणी राजीनामा लिहावयास बसूं नये. ज्याचीं ऋणें फिटलीं नाहींत, ज्याच्या सहधर्मचारिणीचें मन नाहीं, किंवा जो केवळ कंटाळून निघाला आहे, त्याला चाकांवरचें घर चार महिन्यांत नकोसें होईल. पण ज्यांनीं चारी प्रश्नांचीं उत्तरें दिलीं आहेत, त्यांना केवळ 'लोक काय म्हणतील' एवढ्यासाठीं वडील मंडळींनीं अडवूं नये, असें आमचें मत झालें आहे. माणूस एका जागीं राहिला म्हणून तो आपल्या माणसांत राहिला असें होत नाहीं, आणि हिंडला म्हणून दुरावला असेंही होत नाहीं. कोण कोणाची किती आठवण ठेवतो व त्यासाठीं काय सोडतो, यावर सर्व अवलंबून आहे.

जातां जातां एक घरगुती वृत्त सांगून रजा घेतों. बदरीनारायण आतां आमच्या गुडघ्यांच्या आवांक्यांत राहिला नाहीं. पण नर्मदातीरींचें महेश्वर आहे, आणि तेथील घाटाला पायऱ्या असल्या तरी त्या उतरण्याची सक्ति नाहीं. गेल्या आठवड्यांत मखराचें सामान एका खोक्यांत गेलें आणि बॅग खालीं आली.